सुरक्षा झडप

बंद पात्रातील वाफेचा, वायूचा किंवा द्रवाचा दाब ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागताच आपोआप उघडणारी आणि दाब पुरेसा उतरताच पुन्हा मिटणारी प्रयुक्ती. ती बाष्पित्रावर (वाफ निर्माण करणाऱ्या बंद पात्रावर), संपीडित वायूच्या टाक्यांवर, द्रवाच्या साठवण टाक्यांवर, नळमार्गांवर, तसेच जहाजातील व टँकरमधील मालवाहू टाक्यांवर बसविलेली असते. घरगुती प्रेशर कुकरचे शिटीचे वजन हे तिचे सर्वपरिचित रूप होय. वाफ व वायू यांसाठी असलेली झडप ठरावीक दाबास एकदम पूर्ण उघडते. द्रवासाठी असलेली झडप दाब वाढेल तशी हळूहळू उघडते. पहिलीस सुरक्षा झडप व दुसरीस दाबमोचक झडप म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु व्यवहारात दोन्ही नावे सरमिसळ वापरली जातात.

महाराष्ट्रात या झडपेचा इतिहास रेल्वे, कापडगिरण्या आणि साखर कारखाने यांच्या इतिहासाशी निगडित आहे. अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेचे एंजिन, विसाव्या शतकात साखर कारखान्यांची बाष्पित्रे आणि त्यानंतर मळी व मद्यार्क यांच्या टाक्या, अशा क्रमाने ही झडप या जिल्ह्यात आली. प्रत्येक टप्प्यावर तिचे काम थोडे बदलले. ती नेमके कशापासून संरक्षण देते आणि कशापासून देत नाही, हे या बदलांवरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक आढावा : फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी 1679 मध्ये लंडन येथे हाडे मऊ शिजविण्याचे एक बंद पात्र तयार केले. पात्रात कोंडलेल्या वाफेने ते फुटू नये म्हणून झाकणातील एका छिद्रावर त्यांनी तरफेने दाबून धरलेली झडप बसविली. तरफेच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेले असे. ते मागेपुढे सरकवून झडप किती दाबास उघडावी हे ठरविता येई. सुरक्षा झडपेचे मूळ याच रचनेत आहे.

तरफेचा हिशोब सोपा आहे. झडपेच्या छिद्राचा व्यास 6 सेंमी. असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सु. 28 चौ. सेंमी. भरते. वाफेचा दाब दर चौ. सेंमी.स 10 किग्रॅ. असताना झडपेवर खालून सु. 280 किग्रॅ. भार येतो. तरफेची भुजा दहापट लांब ठेवली, तर सु. 28 किग्रॅ. वजनाने तो तोलला जातो. हे वजन थोडे बाहेर सरकविले, की झडप अधिक दाबास उघडते. या सोईतच धोका होता. एंजिनाकडून अधिक काम काढण्यासाठी वजन वाढविणे, तरफ बांधून ठेवणे किंवा झडपेत पाचर ठोकणे हे प्रकार वाफेच्या युगाच्या प्रारंभी वारंवार घडले.

जेम्स वॉट यांची एंजिने वातावरणाच्या दाबाहून किंचितच अधिक दाबाच्या वाफेवर चालत. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी उच्च दाबाची वाफ वापरण्यास प्रारंभ केल्यावर धोका वाढला. 1803 मध्ये ग्रिनिच येथे त्यांच्या एका बाष्पित्राचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी बाष्पित्रास एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा बसविण्याचा व जोडीला शिशाचे बूच ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. पाण्याची पातळी धोकादायक खाली गेली की हे बूच वितळते व वाफेला वाट मिळते. एका संरक्षणावर विसंबून न राहता दुसरे स्वतंत्र संरक्षण ठेवावे, हे तत्त्व येथून रूढ झाले.

धावत्या रेल्वे-एंजिनावर तरफेचे वजन हेलकावे खाई, म्हणून वजनाऐवजी स्प्रिंग वापरात आली. इंग्लंडमधील रेल्वे-अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी 1855 च्या सुमारास दोन झडपा व त्यांच्यामध्ये एकच स्प्रिंग अशी रचना केली. एंजिनचालकाने तिची तरफ वर किंवा खाली ओढली, तरी दोहोंपैकी एका झडपेवरील भार कमीच होई. त्यामुळे झडप जखडून ठेवणे अशक्य झाले. 1860 नंतरच्या दशकात झडपेच्या कडेला विशिष्ट आकाराचे ओठ देण्यात आले. झडप किंचित उघडताच वाफ या ओठांखालील मोठ्या क्षेत्रावर दाब देते व झडप झटक्यात पूर्ण उघडते. आजच्या बाष्पित्रांवरील स्प्रिंगच्या झडपा याच तत्त्वावर चालतात.

भारतातील कायदे : 1863 मध्ये कलकत्त्यात बाष्पित्राचा मोठा स्फोट होऊन प्राणहानी झाली. त्यामुळे 1864 मध्ये बंगालमध्ये बाष्पित्रांच्या तपासणीचा कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनीही असे कायदे केले. परंतु त्यांत एकसूत्रता नव्हती. ती 1923 च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाने आली. 1950 च्या विनियमांनी पत्र्याची जाडी, सांधे, सुरक्षा झडपांची संख्या व आकारमान यांविषयी तपशीलवार नियम घालून दिले. 1923 च्या अधिनियमाची जागा 2025 च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे. ठरावीक मुदतीने तपासणी, प्रमाणपत्रावर नोंदविलेला कमाल दाब आणि त्या दाबास उघडेल अशी झडप, हा या सर्व कायद्यांचा गाभा आहे. झडपेची मर्यादा ठरविण्याचा अधिकार एंजिनचालकाकडून काढून तपासनिसाकडे दिला गेला, हा त्यांतील महत्त्वाचा बदल होय.

अहमदनगर जिल्ह्यातील बाष्पित्रे : 1878 मध्ये धोंड (दौंड)–मनमाड लोहमार्ग सुरू झाला व वाफेचे एंजिन अहमदनगर शहरापर्यंत आले. तथापि जिल्ह्यात बाष्पित्रे मोठ्या संख्येने आली ती कालव्यांमागून. गोदावरीचे कालवे व दारणा धरण (1916), तसेच प्रवरेचे कालवे व भंडारदरा धरण (1926) यांमुळे कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी व संगमनेर या भागांत ऊस पसरला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा, टिळकनगर येथे महाराष्ट्र शुगर मिल्सचा (स्थापना 1933) आणि साकरवाडी येथे गोदावरी शुगर मिल्सचा असे खाजगी कारखाने निघाले. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम 1950–51 मध्ये झाला. त्याच्या यशामुळे जिल्ह्यात सहकारी कारखान्यांची मालिकाच सुरू झाली.

साखर कारखान्यात उसाचे चिपाड हेच बाष्पित्राचे इंधन असते. तेलाची वा वायूची ज्योत क्षणात बंद करता येते. भट्टीत पसरलेले चिपाड मात्र जळतच राहते. गिरणी अडकली किंवा वाफेची टर्बाइने अकस्मात थांबली, तर वाफेची मागणी एकदम घटते. भट्टीची उष्णता चालूच असल्याने दाब चढतो आणि झडप उघडते. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या परिसरात दूरवर ऐकू येणारा वाफेचा कर्कश आवाज पुष्कळदा याच कारणाने होतो. बाष्पित्र धोक्यात असल्याचे नव्हे, तर झडप आपले काम करीत असल्याचे ते चिन्ह असते. पाण्याची वातावरणीय दाबास वाफ झाली, की तिचे आकारमान सु. सोळाशे ते सतराशे पटींनी वाढते. बाष्पित्राचा पत्रा फाटल्यास आतील अतितप्त पाण्याचा मोठा भाग क्षणात वाफेत बदलतो, म्हणून स्फोट एवढा विध्वंसक असतो. वीज निर्माण करून विकू लागल्यापासून अनेक कारखान्यांनी दर चौ. सेंमी.स 67 ते 110 किग्रॅ. इतक्या उच्च दाबाची बाष्पित्रे बसविली. त्यामुळे झडपांच्या देखभालीचे महत्त्व आणखी वाढले.

साठवण टाक्या व श्वसन झडप : साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून आसवनीत मद्यार्क (एथिल अल्कोहॉल) तयार होतो. अहमदनगर जिल्ह्यात साखर कारखान्यांशेजारी आसवन्या निघाल्या, तर साकरवाडी येथे मद्यार्कापासून रसायने बनविण्याचा उद्योगही आहे. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये 5% मद्यार्क मिसळण्याचे प्रयोग देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळचे मनमाड व दक्षिण महाराष्ट्रातील मिरज ही दोन होती. 2003 पासून मिश्रणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला व पुढे मिश्रणाचे प्रमाण वाढत जाऊन 2025 मध्ये 20% पर्यंत पोहोचले. परिणामी मद्यार्काच्या टाक्या, त्या भरण्याचे पंप आणि टँकरची ये-जा हे कारखान्यांच्या आवारातील नित्याचे दृश्य झाले.

मद्यार्काची उभी टाकी बाष्पित्रासारखी भक्कम नसते. तिचे छत पातळ पत्र्याचे असते व ते वातावरणीय दाबाहून फारच थोडा फरक सोसू शकते. 10 मी. व्यासाच्या छताचे क्षेत्रफळ सु. 78 चौ. मी. असते. आतील दाब केवळ 1 मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका वाढला, तरी छतावर खालून सु. 78 टन भार येतो. उलट टाकी रिकामी करताना आत हवा शिरू दिली नाही व केवळ 5 सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका निर्वात झाला, तर बाहेरील हवा छतावर सु. 4 टन भार टाकते. बंद टाकी पंपाने उपसल्यास ती चेपली जाते ती याच कारणाने.

अशा टाकीवर श्वसन झडप बसवितात. तिच्यात दोन हलक्या चकत्या असतात. टाकी भरताना द्रव वर चढतो व त्यावरील बाष्पमिश्रित हवेला बाहेर ढकलतो. तेव्हा पहिली चकती उचलली जाते. टाकी उपसताना किंवा रात्री गारव्याने आतील बाष्प आकुंचन पावले असता दुसरी चकती उघडून बाहेरील हवा आत येते. एरवी दोन्ही मिटलेल्या असल्याने मद्यार्क उडून जाण्याचे प्रमाण घटते.

मद्यार्काच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. हवेतील त्याच्या बाष्पाचे प्रमाण सु. 3.3% ते 19% असताना मिश्रण स्फोटक असते. 20° से. तापमानास बंद टाकीत द्रवावरील बाष्पाचे प्रमाण सु. 6% आणि 30° से.स सु. 11% असते. म्हणजे दख्खनच्या पठारावरील बहुतेक सर्व ऋतूंत मद्यार्काच्या टाकीतील मोकळी जागा स्फोटक मिश्रणानेच भरलेली असते. पेट्रोलच्या टाकीत बाष्पाचे प्रमाण सामान्यतः याहून फार अधिक असल्याने आतील मिश्रण पेट घेत नाही. म्हणून मद्यार्काच्या श्वसन झडपेला ज्वालारोधक जोडणे अत्यावश्यक ठरते. ज्वालारोधकातील अरुंद धातूच्या वाटांतून जाताना ज्योतीची उष्णता शोषली जाऊन ती विझते. खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी लावताना हंफ्री डेव्ही यांनी 1815 मध्ये हेच तत्त्व वापरले होते.

अतिभरण व झडपेची मर्यादा : टाकीवर झडप आहे, तेव्हा ती प्रमाणाबाहेर भरली तरी चिंता नाही, असा समज आढळतो. तो धोकादायक आहे. श्वसन झडपेचे आकारमान बाष्प बाहेर जाण्याच्या हिशोबाने ठरविलेले असते. मद्यार्क हा हवेच्या तुलनेत सु. सहाशे पट जड आहे. एकाच छिद्रातून, दाबाचा फरक तोच असता, बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचे घनफळ घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. सहाशेचे वर्गमूळ सु. 25 येते. याचा अर्थ असा, की जी झडप तासाला 100 घ. मी. बाष्प सहज सोडते, ती तेवढ्याच दाबाने केवळ 4 घ. मी. द्रव सोडील. पंप मात्र तासाला 100 घ. मी.च ढकलत राहील. त्यामुळे द्रव झडपेपर्यंत पोहोचताच टाकीतील दाब झपाट्याने वाढतो आणि छत व भिंत यांचा सांधा उकलू शकतो. सांधा टिकला, तरी झडपेतून उसळलेला ज्वालाग्राही द्रव आवारात पसरतो. टाकी वाचली म्हणजे माणसे वाचली असे होत नाही.

इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे 11 डिसेंबर 2005 रोजी याचा प्रत्यय आला. पेट्रोलच्या एका टाकीचा पातळीमापक अडकून राहिला व पातळी अत्युच्च झाल्यावर पुरवठा तोडणारी स्वतंत्र कळही चालली नाही. पेट्रोल छतावरील श्वसनमार्गांतून ओसंडून खाली कोसळले, त्याचे बाष्प ढगासारखे पसरले व पहाटे प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने जीवितहानी टळली; तथापि चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. श्वसनमार्ग उघडेच होते, परंतु त्यांनी अतिभरण थांबविले नाही. त्यांनी द्रवाला फक्त वाट दिली.

मळीच्या टाकीबाबत धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. मळी पाण्याहून सु. 1.4 पट जड असल्याने 10 मी. उंचीच्या टाकीच्या तळाशी दर चौ. मी.स सु. 14 टन दाब येतो. छतावरील कोणतीही झडप हा दाब कमी करू शकत नाही. तो पत्र्यानेच सोसावा लागतो. अमेरिकेतील बॉस्टन येथे 15 जानेवारी 1919 रोजी सु. 15 मी. उंचीची मळीची टाकी फुटली आणि रस्त्यावर आलेल्या लोंढ्यात 21 माणसे मरण पावली. आवश्यकतेहून पातळ पत्रा व उभारणीनंतर न झालेली योग्य चाचणी ही त्याची प्रमुख कारणे ठरली. उन्हाळ्यात साठविलेली मळी तापून फसफसते व तिचे आकारमान वाढते, म्हणूनही मळीची टाकी काठोकाठ भरीत नाहीत.

जहाजे व टँकर : जहाजांवरील मालवाहू टाक्यांसंबंधीचे नियम या भेदाची दखल घेतात. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या 1974 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तेलवाहू जहाजाच्या टाक्यांवरील दाब–निर्वात झडपा वातावरणीय दाबाहून दर चौ. सेंमी.स सु. 0.21 किग्रॅ. अधिक किंवा सु. 0.07 किग्रॅ. कमी, या मर्यादेच्या आत उघडाव्या लागतात. भरताना द्रवातून बाष्प सुटते, हे लक्षात घेऊन निकासमार्ग भरण्याच्या कमाल वेगाच्या सव्वापट प्रवाहासाठी आखलेला असतो. याशिवाय द्रव निकासमार्गात चढू नये म्हणून उच्च पातळीचा इशारा देणारी यंत्रणा किंवा अतिप्रवाह-नियंत्रण यांसारखी वेगळी तरतूद आवश्यक असते. द्रव सांडू देणारी झडप ही त्या तरतुदीस पर्याय मानलेली नाही. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाजवळ तेल उतरवून घेणाऱ्या जहाजांसही हेच नियम लागू आहेत.

रस्त्यावरील टँकरमध्ये सूर्याच्या उष्णतेचा विचार करावा लागतो. मद्यार्काचे तापमान 1° से.ने वाढले, की त्याचे आकारमान सु. 0.11% वाढते. पहाटे 20° से. तापमानास भरलेला 20,000 लि. मद्यार्क दुपारी 40° से.पर्यंत तापला, तर सु. 440 लिटरांनी वाढतो. त्यासाठी टाकीत मोकळी जागा न ठेवल्यास द्रव झडपेतून बाहेर येतो. स्वयंपाकाच्या वायूसारखे दाबाखाली द्रवरूप केलेले पदार्थ याहून अधिक प्रसरण पावतात. त्यांच्या टाकीतील बाष्पाची जागा संपली, की दाब हळूहळू न चढता एकदम चढतो. म्हणून अशा टाक्यांच्या भरणाची मर्यादा कटाक्षाने पाळली जाते. दोन बंद तोट्यांच्या मध्ये द्रवाने पूर्ण भरलेला नळ उन्हात राहिला, तर परिणाम सर्वांत तीव्र होतो. नळ जराही ताणला जात नाही असे धरल्यास मद्यार्काचा दाब दर अंशाला दर चौ. सेंमी.स सु. 10 किग्रॅ. इतका वाढेल. अशा ठिकाणी लहानशी दाबमोचक झडपही पुरते, कारण थोडासा द्रव सुटताच दाब उतरतो. येथे झडप खरोखर अतिभरणापासून संरक्षण देते. पंप चालू असलेल्या टाकीत ती तसे करू शकत नाही.

भारतात ज्वालाग्राही द्रव व संपीडित वायू यांच्या साठवणीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. खनिज तेलासंबंधीचा 1934 चा अधिनियम व त्याखालील 2002 चे नियम, तसेच वायूच्या दाबपात्रांसंबंधीचे 1981 चे व त्यांच्या जागी आलेले 2016 चे नियम यांची अंमलबजावणी ती करते.

देखभाल : झडप वर्षातून क्वचितच उघडत असल्याने तिच्यातील दोष सहजी ध्यानात येत नाहीत. बैठकीवर क्षार साचणे, स्प्रिंग गंजणे, श्वसन झडपेची चकती धुळीने वा चिकट मळीने जखडणे, ज्वालारोधकाच्या वाटा बुजणे, त्यात पक्ष्यांनी वा कीटकांनी घर करणे ही बिघाडाची नेहमीची कारणे आहेत. साखर कारखाने गळीत हंगामानंतर काही महिने बंद असतात. या काळात बाष्पित्राच्या झडपा उतरवून घासून बसविणे व चाचणी घेणे सोईचे होते. आसवनी मात्र हंगामाबाहेरही चालू राहत असल्यामुळे तिच्या टाक्यांच्या झडपांसाठी स्वतंत्र वेळापत्रक ठेवावे लागते.

टाकीच्या संरक्षणाचा क्रम पुढीलप्रमाणे मानला जातो : भरण्यापूर्वी टाकीतील रिकाम्या जागेची मोजणी, भरत असताना पातळीमापकावर लक्ष, उच्च पातळीस इशारा, अत्युच्च पातळीस पंप आपोआप थांबविणारी व पातळीमापकापासून स्वतंत्र असलेली कळ, ओसंडलेला द्रव अडविणारा टाकीभोवतीचा बांध आणि या सर्वांबरोबर झडप. यांपैकी पहिली दोन कामे माणसांची आहेत आणि रात्रपाळीतील कामगाराने ती चोख केली, तर उरलेल्या यंत्रणांना काम करण्याची वेळ सहसा येत नाही.